कुटाराची शिंक

वडनेर भोलजीत वामनरावांच्या घरी जायचं तर यंदाच्या हिवाळ्यात माणसाला आधी फाटकात उभं राहून नाक दाखवावं लागत होतं. हो, नाक! लोखंडी फाटकाच्या आतल्या अंगाला वामनरावांच्या बायकोनं, गीताबाईंनी, खाट टाकली होती. मांडीवर निवडायची मेथी नाहीतर सोलायचा लसूण, आणि नजर रस्त्यावर. माणूस फाटकाशी आला की कडी काढायच्या आधी सवाल यायचा, "सर्दी हाये का? खोटं नोको बोलजा, मले नाकावरून समजते." आता साठी उलटलेल्या, टोपी घातलेल्या भल्या माणसाला कोणी असं विचारतं का? पण गीताबाई विचारायच्या, आणि उत्तर मनासारखं नसलं तर कडी जागची हलायची नाही.

शेजारचे पुंजाजी पुतण्याच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले तेव्हाची गोष्ट तर गावभर झाली. वामनरावांचे ते लंगोटीयार. बिचाऱ्यांनी फाटकात उभ्या उभ्या नाक ओढलं, अन् झालं.

"पत्रिका फाटकाले अडकवा भाऊ, अन् निंघा," गीताबाई म्हणाल्या.

"वहिनी, मी काय जनावर हावो का?"

"जनावर असते तं आत घेतलं असतं. जनावर लेकराच्या तोंडावर येऊन शिंकत नाई."

ओट्यावर बसलेले वामनराव शरमेनं पेपराआड गेले. पुंजाजी मात्र हसत परत गेले, कारण या बाईची जीभ कडू आणि हात गोड, हे त्यांना तीस वर्षांपासून ठाऊक होतं. शिवाय फाटकाआड कोण आहे, हेही सगळ्या गावाला ठाऊक होतं.

फाटकाआड राम होता. गीताबाईंचा नातू, हर्षल आणि सुचिताचा मुलगा. तिसरं वर्ष लागलेलं, गाल भरलेले, केस खांद्यापर्यंत वाढलेले, कारण जावळ काढायचं राहून गेलं होतं. दिवसभर अंगणात बकरीच्या पिल्लामागं पळायचं आणि भूक लागली की आजीच्या मांडीवर येऊन तोंड उघडायचं, एवढाच त्याचा धंदा. आईच्या हातचं खायचा नाही. आजीनं वरणभात कालवावा, घास बोटांवर घ्यावा, फू फू करून निववावा आणि भरवावा, तेव्हा कुठं साहेबांच्या घशाखाली उतरायचा.

पण त्याची सर्दी इतर लेकरांसारखी नव्हती. गावातल्या पोरांना सर्दी झाली की नाकं वाहतात, आया पदरानं पुसतात आणि पोरं पुन्हा मातीत जातात. रामची सर्दी नाकात थांबायचीच नाही, सरळ छातीत उतरायची. पहिल्याच हिवाळ्यात, चार-पाच महिन्यांचा असताना, त्याचं पोट भात्यासारखं उडायला लागलं. गावच्या बायका म्हणाल्या, डब्बा झाला, छाती भरली. खामगावच्या दवाखान्यात नेलं, तिथं नाकाला ऑक्सिजनची नळी लागली, आणि गीताबाई काचेबाहेर उभ्या राहून गजानन महाराजांना चक्क दटावत होत्या, की माह्या लेकराले काई झालं तं पाह्यजा मंग. पोरगं वाचलं. पण त्यानंतर प्रत्येक सर्दीला तीच गत. छातीत शिट्टी वाजायची, फासळ्यांमधली कातडी आत ओढली जायची, आणि घरदार गाडीत बसून खामगावला.

यंदा दिवाळी झाल्यावर असंच झालं, तेव्हा लेकरांच्या डॉक्टर रेवतीताईंनी सगळ्यांना समोर बसवलं. वयानं तरुण, बोलणं शांत. मलकापूरकडच्या शेतकऱ्याची लेक, त्यामुळं बोली सारी समजायची, फक्त स्वतः पुस्तकी बोलायच्या.

"घरात कोणाला दमा आहे?" त्यांनी विचारलं.

"आमच्यात नाई," गीताबाईंनी ठणकावून सांगितलं. "हिच्या माहेरी. वरवट बकालले हिचे बाबा होते ना, ते रात्र रात्र बसून काढत. सारं तिथून आलं."

सुचितानं मान खाली घातली. बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती. ते वारले हृदयविकारानं, पण सासूबाईंच्या तोंडी त्यांची एवढीच ओळख उरली होती, दमेकरी.

"तुम्हाला स्वतःला? शिंका, अंगाला खाज, धुळीचा त्रास?"

"मले?" गीताबाईंना हसूच आलं. "मी गोटा हावो गोटा. अजून दोन पायली उचलतो."

मग डॉक्टरांनी समजावलं. माणसाच्या अंगात जीन असतात, आईकडून आलेले, बापाकडून आलेले, असं त्या म्हणाल्या मात्र, तोच गीताबाईंनी मध्येच तोंड घातलं, "जीन म्हंजे तो बीटीच्या सरकीत टाकतात तो?"

"तेच," रेवतीताई हसल्या. "सरकीत माणूस टाकतो, आपल्यात जन्मतःच असतात. बरं, तुमच्या सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला होता ना? वावर एकच, पांढरी माशी तीच, तिनं आणलेला व्हायरस तोच. पण एका वाणाचं पान पिवळं पडलं आणि शेजारच्या वाणाला काही झालं नाही. असं झालं की नाही?"

"झालं तं. आमच्याच वावरात झालं."

"तसंच आहे. सर्दीचा व्हायरस साऱ्या पोरांना होतो. पण काही पोरांच्या अंगातले जीन असे असतात की त्यांच्या श्वासाच्या नळ्या त्या व्हायरसला फार चिडतात, सुजतात, आवळतात. नुसत्या जीननं दमा होत नाही आणि नुसत्या सर्दीनंही नाही. दोन्ही भेटले की घोळ होतो. आणि लहान वयात असे झटके जितके जास्त, तितकी पुढं शाळेच्या वयात दमा राहण्याची भीती जास्त."

"म्हंजे वाणच खराब. अन् वाण हिच्या माहेरचा."

"आजी, वाण खराब नसतो, नाजूक असतो. आणि एकाच घराकडं बोट दाखवता येत नाही, दोन्हीकडचं थोडं थोडं येतं." या वेळी डॉक्टरांचा आवाज जरा कडक झाला. "जे अंगात आलं ते आता बदलत नाही. माशी अडवता येते. माशी म्हणजे सर्दी झालेलं माणूस. हा हिवाळा झटक्याविना निघाला तर चांगलंच, हमी मी देत नाही. आणि सर्दी झालीच, तर शिट्टी वाजायची वाट न बघता औषध ओढायचा पंप सुरू करायचा."

घरी आल्यावर वामनरावांनी हळूच विषय काढला, की पंप एकदा लागला की सुटत नाही म्हणतात. गीताबाईंनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "तुम्हाले चष्मा लागला, तो सुटला का? मंग? दिसून राह्यलं ना त्याच्यानं?" पंपाचा विषय तिथंच संपला. बाईला एकदा गोष्ट पटली की पटली. पटली नाही तर मात्र ब्रह्मदेव खाली उतरला तरी व्यर्थ.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी खाट आली. त्या खाटेवरून गीताबाईंनी सगळा हिवाळा लढवला. सर्दीवाला पाव्हणा परत. शिंकणारा दूधवाला भांडं बाहेर ठेवून परत. खुद्द हर्षलला एकदा कणकण वाटली, तर पोटच्या पोराला त्यांनी बिछान्यासकट वावरातल्या खोलीत पाठवला आणि जेवणाचा डबा दारात ठेवून मागं फिरल्या. सुचिता पहिल्यांदा लाजली, मग हसायला लागली, आणि मग कौतुकानं गप्प बसायला लागली. त्या दवाखान्यानंतर राम एकदाही धापला नव्हता. गाल वर आले होते. फक्त टोमणा काही थांबला नाही. राम जरा खाकरला की गीताबाई म्हणायच्याच, "वरवटचं रक्त हाये, सांभाळा वं."

माघात जावळ धरलं. पहिल्या वर्षीचं दवाखान्यात गेलं होतं, आता तिसऱ्यातलं चुकवायचं नव्हतं. वामनरावांना शेगावला जाऊन करायचं होतं, पाव्हणेरावळे बोलावून, लॉज घेऊन. गीताबाईंनी एका वाक्यात निकाल लावला, "गर्दीत नाई. महाराज इथून बी पाह्यतात." अंगणातल्या निंबाखाली घरचीच माणसं, न्हावी आणि मामा. मामाच्या मांडीवर बसल्याशिवाय जावळ निघत नाही, आणि मामा एकच, सुचिताचा धाकटा भाऊ दीपक. बाबा गेल्यावर वरवट बकालची शेती तोच बघत होता. सुचिता आठवडाभर आधीपासून गुणगुणत होती. माहेरचं माणूस मानानं बसवायचा तेवढा एकच दिवस तिच्या वाट्याला आलेला.

त्याच आठवड्यात तूर निघाली. मळणीचं मशीन वावरात लागलं आणि गीताबाई पदर खोचून मशीनपाशी उभ्या राहिल्या, कारण दाणा कुटारात, म्हणजे भुशात, जातो की काय, हे त्यांच्याशिवाय कोणाला दिसतच नाही, असं त्यांचं मत. तुरीचं कुटार वाऱ्यावर उडत होतं, केसांत, पापण्यांत, कानात. संध्याकाळी घरी आल्या त्या शिंकतच. दरवर्षीचंच हे. मळणी लागली की गीताबाईंच्या शिंका सुरू व्हायच्या, डोळे लाल व्हायचे, आणि कुटार भरून झालं की थांबायच्या. घरात त्याला नावच होतं, कुटाराची शिंक. तिला कोणी शिंक म्हणून मोजतच नव्हतं. यंदा तेवढा घसा धरला, तर मजुरांवर ओरडून धरला असणार. अंग ठणकलं, तर उभं राहून ठणकलं असणार. त्यांनी हातपाय धुतले, लुगडं बदललं, रामला मांडीवर घेतला आणि रोजच्यासारखा वरणभात फुंकून फुंकून भरवला.

जावळाच्या आदल्या दिवशी, ऊन वर आल्यावर, दीपकची मोटरसायकल फाटकापुढं थांबली. वरवट बकालपासून थंड वारं खात आलेला गडी. हँडलला पिशवी, तिच्यात भाच्याचा नवा ड्रेस, बहिणीला साडी, भावजींना टॉवेल-टोपी. हेल्मेट काढलं तर नाकाचा शेंडा लालबुंद, आणि "मावशी, राम राम" म्हणायला तोंड उघडलं तोच शिंक आली. साधीसुधी नाही, दणदणीत.

गीताबाई खाटेवरून उठल्या. हात कडीवर होता तो मागं घेतला.

"मामा, तुम्हाले सर्दी हाये."

"नाई हो मावशी. वारं लागलं. गाडीवर आलो ना."

"सारेच म्हंतात वारं लागलं. तुम्ही असं करा, पुंजाजीभाऊच्या ओसरीत बसा. चहा तिथं पाठवतो. उद्यापरेंत पाहू."

"अन् जावळ?"

"मांडीच पाह्यजे ना? लेकराच्या चुलत काकाची बी चालते, अडलं तं."

दीपक मोटरसायकलला टेकला. पिशवी हातात तशीच. पण ओट्यावरून सुचितानं सगळं ऐकलं होतं. ती तरातरा फाटकापाशी आली. तिला सासूसमोर आवाज चढवताना या घरानं कधी पाहिलं नव्हतं.

"आई, मामा सोडून काकाच्या मांडीवर जावळ? माह्या भावाले फाटकातून परतून लावता?"

"लेकरासाठी करून राह्यली वं. मले काय हौस हाये?"

"लेकरू माहं बी हाये! दोन वर्षं झाले, बाबांचा दमा तुम्ही माह्या तोंडावर मारून राह्यल्या. मेलेल्या माणसाले बोलता, मी ऐकून घेतलं. आता जित्या भावाले बी दमेकऱ्याचं पोरगं म्हून रस्त्यावर बसवता का? काऊन? आमचं घर एवढं वाईट हाये, तं सोयरीक कायले केली?"

गीताबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उत्तर जिभेच्या टोकावर होतं, आणि चांगलं जळजळीत होतं. पण ते तिथंच राहिलं, कारण आतून खोकल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा, मग थांबेचना. कोरडा, लागोपाठ. दोघींनाही तो खोकला पाठ होता.

सुचिता पळाली. राम पलंगावर बसला होता, दोन्ही हात टेकून, खांदे वर उचललेले. सकाळपासून जरा चिडचिडा होता, नाक ओलं होतं, पण जावळाच्या गडबडीत कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. आता छातीत शिट्टी वाजत होती. सुचितानं रडारड केली नाही. फळीवरून पंप घेतला, त्याची नळी लावली, तोंडावर मास्क बसवला, पंप दाबला आणि लेकराचे श्वास मोजत बसली. थोडा उतार पडला, पुन्हा शिट्टी. तिनं पुन्हा पंप दिला आणि हर्षलला हाक मारली, "गाडी काढा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, थांबायचं नाई."

गाडीत बसताना गीताबाईंनी फाटकाबाहेरच्या दीपककडं बोट केलं. "पाह्यलं? एका शिंकेत काम झालं!"

"तो फाटकाच्या आत आलाच नाई, आई," सुचिता म्हणाली. आवाज आता चढलेला नव्हता, आणि म्हणूनच जास्त लागला. "अन् सर्दी लागली की दिसायले दोन-तीन दिवस जातात. हे बी डॉक्टरांनी सांगितलं होतं. तुमच्यासमोरच."

गाडी नांदुऱ्याच्या रस्त्याला लागली. राम आईच्या छातीशी, हर्षल गाडी हाकतोय, आणि मागच्या सीटवर गीताबाई हिशेब करतायत. दोन-तीन दिवस. कोण आलं होतं दोन-तीन दिवसांत? दूधवाला, तो बाहेरूनच गेला. न्हावी जावळाची वेळ ठरवायला आला, तो ठणठणीत होता. पुंजाजी तर महिनाभर फाटकाच्या आत नाही. सुचिता ठीक, हर्षल ठीक, हे ठीक. मग आलं कुठून? एवढी खाट टाकून बसले, अख्ख्या गावाशी वाईटपणा घेतला, अन् माशी आली कुठून? त्यांचं डोकं दुखायला लागलं. डोळे चुरचुरत होते. कुटारानं नुसता वैताग आणला होता यंदा.

दवाखान्यात रेवतीताईंनी रामची छाती ऐकली, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन पाहिला आणि वाफेचं मशीन सुरू करायला सांगितलं. "लवकर आणलंत. पंपही वेळेवर दिला. मागच्या वेळेपेक्षा पुष्कळ बरा आहे," त्या सुचिताला म्हणाल्या. मग नेहमीचा प्रश्न आला. "घरात कोणाला सर्दी?"

"कोणालेच नाई!" गीताबाईंना तेवढंच पाहिजे होतं. "मी स्वतः फाटकात बसलेली हावो डॉक्टरीणबाई. माणूस तं सोडा, चिलट आत येऊ देलं नाई. मी तं..."

आणि त्यांना शिंक आली. एक, दुसरी, पदर नाकाला लावेपर्यंत तिसरी.

नुसतं मशीन घुरघुरत होतं. रेवतीताईंनी गळ्यातला स्टेथोस्कोप बाजूला केला.

"ही सर्दी कधीपासून आहे, आजी?"

"सर्दी नाई ही. ही कुटाराची शिंक हाये. तूर काढली ना."

"दरवर्षी येते?"

"दरवर्षी. पोरगी होती तवापासून. माह्या मायलेबी येत होती."

"आणि दरवर्षी घसाही दुखतो? अंग मोडून येतं?"

गीताबाई उत्तर द्यायला गेल्या आणि थांबल्या. दरवर्षी नाही. दरवर्षी डोळे खाजतात, नाक गळतं, पण घसा धरत नाही. दरवर्षी पाठीत अशी कळ जात नाही. कुटाराची शिंक संध्याकाळी अंघोळ केली की निम्मी होते. ही तीन दिवस झाले, हटलेली नव्हती. त्यांनी हात उलटा करून कपाळाला लावला. तापलं होतं. आणि मग त्यांना वरणभात आठवला. बोटांवरचा घास, आणि त्यावर आपली फुंकर. एक एक घास. सकाळ-संध्याकाळ.

"अरे देवा," त्या म्हणाल्या. "अरे देवा, मीच!"

हर्षल भिंतीवरचं लसीकरणाचं चित्र बघत राहिला.

"आजी, हे कोणाच्याही घरी होतं," रेवतीताई म्हणाल्या. "दरवर्षी धुळीच्या शिंका येतात, त्यामुळं त्यात यंदाची खरी सर्दी ओळखू आली नाही, इतकंच. पण एक गोष्ट मागच्या वेळी तुम्ही मला सांगितली नाहीत. या दरवर्षीच्या शिंका म्हणजे ॲलर्जी. ती आणि दमा एकाच घराण्यातले. तुमच्या आईला होती, तुम्हाला आहे, म्हणजे रामच्या अंगात थोडं तुमच्याकडूनही आलेलं असू शकतं. नक्की किती, कोणाकडून, ते मी सांगू शकत नाही आणि त्याची गरजही नाही."

गीताबाई उभ्याच होत्या. आयुष्यात त्यांना बोलायला शब्द कमी पडले नव्हते, आणि आताही पडले नाहीत. फक्त पहिल्यांदाच ते त्यांच्या स्वतःवर आले.

"सुचिता, इकडं पाह्य. दोन वर्षं तुह्या बाबाच्या नावानं बोंबलली मी. ते बिचारे वर जाऊन बसले, त्यांले जबाब देता येत नव्हता. अन् वाण माहा बी निंघाला. सर्दी बी माहीच निंघाली. फाटकात बसून गावाचं नाक पाह्यत होती, सोताचं नाई पाह्यलं. मूर्ख हावो मी. तू मले बोललीस ते कमीच बोललीस."

सुचिताचे डोळे भरले, पण पुसता येईनात. तिचे दोन्ही हात रामला धरण्यात गुंतलेले होते.

"हर्षल," गीताबाई वळल्या, "तुह्या बाबाले फोन लाव. म्हण, दीपकले घरात घ्या. ओसरीत नाई, घरात, माजघरात. जेवू घाला. अन् जावळ पुढं गेलं, ते माह्यापायी गेलं, मामापायी नाई. पुंजाजीभाऊले बी सांगा. साऱ्यायले सांगा."

एवढं बोलून त्या दाराशी गेल्या आणि बाहेरच्या बाकाकडं निघाल्या. जितकं लांब राहता येईल तितकं राहायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. पण रामनं ते पाहिलं. तोंडावरचा वाफेचा मास्क त्यानं हातानं ढकलला, आजीच्या दिशेनं हात केले आणि रडायला लागला. रडला तसा दम आणखी लागला. सुचितानं समजावलं, हर्षलनं किल्ल्या वाजवून दाखवल्या, काही उपयोग नाही. वाफ तोंडाऐवजी हवेत जात होती. शिट्टी पुन्हा मोठी झाली. गीताबाई दारात खिळल्या. पुढं जावं तर आपण माशी, मागं जावं तर पोरगं धापतंय. त्यांच्यासारखी बाई, जिला प्रत्येक गोष्टीत काय करायचं ते माहीत, तिला काही सुचेना.

"आजी, आत या," रेवतीताई म्हणाल्या. "तुमची सर्दी त्याला लागून गेली, ती पुन्हा नवी लागत नाही. हात धुवा, मास्क लावा आणि त्याला घ्या. रडला की धाप वाढते. त्याला आत्ता वाफ पाहिजे आणि वाफ घ्यायला तुम्ही पाहिजे."

गीताबाईंनी हात धुतले, साबण लावून, कोपरापर्यंत. नर्सनं दिलेला मास्क कानाला अडकवला. पण पुढं झाल्या नाहीत. त्या सुचिताकडं बघत राहिल्या. ही परवानगी डॉक्टरांनी द्यायची नव्हतीच मुळी.

सुचिता उठली. तिनं रामला उचलला, सासूला खुर्चीकडं नजरेनं खुणावलं, आणि त्या बसल्यावर पोरगं त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्याचा शर्ट नीट केला. वाफेची नळी हातात दिली.

"धरा," ती म्हणाली. "तुमचंच ऐकते तो."

राम आजीच्या छातीला पाठ लावून बसला. हुंदके कमी झाले. गीताबाईंनी एका हातानं त्याला पोटाशी धरला, दुसऱ्या हातानं वाफेचा मास्क त्याच्या तोंडावर धरला, आणि आपल्या नेहमीच्या आवाजात बकरीच्या पिल्लाची गोष्ट सुरू केली, की पिल्लू कसं तुरीच्या ढिगावर चढलं अन् कसं घसरलं. वाफ आत जायला लागली. रेवतीताईंनी थोड्या वेळानं छाती ऐकली आणि मान हलवली. ठेवायची गरज नव्हती. आणखी एकदा वाफ, तासभर इथंच बसायचं, मग घरी.

गोष्ट सांगता सांगता गीताबाईंचा मास्क खाली सरकला. नाक उघडं पडलं. त्यांनी मान वर केली, वाकडी केली, काही जमेना.

"सुचिता, वं सुचिता, हे घसरून राह्यलं. वर कर जरा. मले हात सोडता येत नाई."

सुचितानं जवळ येऊन मास्क वर ओढला, नाकावरची पट्टी दोन बोटांनी नीट दाबली आणि कानामागचे केस सारखे केले.

"बोलू नोका मंग, आई," ती म्हणाली. "बोलल्यानंच घसरते."

गीताबाई गप्प बसल्या. पोटाशी धरलेल्या रामच्या छातीतली शिट्टी त्यांना हाताखाली लागत होती, आणि ती बारीक होत चालली होती.